अंगणात आलेली शाळा

मुलांनो, तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात अंगणवाडी आहे ना? तीन ते सहा वर्षांची मुले तेथे रोज जमतात. ती गाणी म्हणतात, गोष्टी ऐकतात, खेळतात आणि खाऊ खातात. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीणही तेथे जात असेल. पण या शाळेला अंगणवाडी हे नाव कसे पडले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अंगण म्हणजे घरापुढची मोकळी जागा. शाळा तर इमारतीत भरते. मग शाळेचे आणि अंगणाचे नाते कोणी जोडले? याचे उत्तर ताराबाई मोडक यांच्या चरित्रात सापडते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. जातिभेद मानू नये, मुलींना शिकवावे, असे प्रार्थना समाजाचे लोक म्हणत असत. त्या काळी मुलींना शाळेत पाठवणारी घरे थोडी होती. ताराबाईंना मात्र घरातूनच शिक्षणाला उत्तेजन मिळाले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवी मिळवणाऱ्या स्त्रिया फारच कमी होत्या.

पुढे त्यांचा विवाह कृष्णराव मोडक यांच्याशी झाला. कृष्णराव अमरावतीला वकिली करत. ताराबाई अमरावतीला राहू लागल्या. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात एक लहान मुलगी होती. स्त्रीने एकटीने राहणे आणि स्वतः कमावून मूल वाढवणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. ताराबाई खचल्या नाहीत. त्यांनी शिक्षिकेचा पेशा स्वीकारला.

त्यांना सौराष्ट्रातील राजकोट येथे काम मिळाले. शिक्षिका तयार करणाऱ्या एका महिला महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. पण येथे एक नवी अडचण उभी राहिली. राजकोटची भाषा गुजराती होती. ताराबाईंची मातृभाषा मराठी होती आणि त्यांचे उच्च शिक्षण इंग्रजीत झाले होते.

मुलांनो, ही अडचण तुम्हांला चांगली समजेल. तुमच्या घरात उर्दू बोलतात. शाळेत तुम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजीही शिकता. उर्दू तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. नवी भाषा शिकताना पहिले काही दिवस मन बावरते. एखादा शब्द चुकला तर लोक हसतील, अशी भीती वाटते. ताराबाई तर आता विद्यार्थिनी नव्हत्या. त्या प्राचार्य होत्या. तरीही त्यांनी गुजराती भाषा मनापासून शिकून घेतली. पुढे त्यांनी गुजरातीत पुष्कळ लेखन केले. ज्यांना शिकवायचे त्यांची भाषा आपण आधी शिकावी, हा धडा त्यांनी स्वतःच्या वागण्यातून घालून दिला.

राजकोटपासून काही अंतरावर भावनगर हे शहर आहे. तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक शिक्षक होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. इटलीमध्ये मारिया माँटेसरी या विदुषीने लहान मुलांच्या शिक्षणाची एक नवी पद्धत शोधून काढली होती. मूल स्वतः हाताने काम करून शिकते, त्याला धाक दाखवू नये, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. गिजुभाईंनी ही पद्धत गुजरातच्या मातीत रुजवली. त्या काळी शाळा म्हटली की छडी आलीच. गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती. तेथे गाणी, गोष्टी, नाटके आणि खेळ होते.

१९२३ साली ताराबाई गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. प्राचार्यपदाचा मान सोडून त्या लहान मुलांच्या शिक्षिका झाल्या. प्राचार्यपद सोडून बालवर्गात जाणे लोकांना विचित्र वाटले असेल. मोठ्या मुलांना शिकवणारा शिक्षक मोठा आणि लहानांना शिकवणारा शिक्षक लहान, अशी समजूत तेव्हा होती. ती आजही पुष्कळ ठिकाणी दिसते. ताराबाईंना ती मान्य नव्हती. झाडाचे रोप लहान असतानाच त्याची अधिक काळजी घ्यावी लागते. मुलांचेही तसेच आहे, अशी त्यांची खात्री होती.

भावनगरला त्या सुमारे नऊ वर्षे होत्या. या काळात दोघांनी मिळून पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी बरेच लेखन केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे शिक्षण पत्रिका नावाचे गुजराती मासिक होते. पुढे १९३३ साली ताराबाईंनी हे मासिक मराठीतही सुरू केले. गुजरातीत झालेले काम त्यांनी अशा रीतीने मराठी घरांत पोहोचवले. दोन भाषा येणारा माणूस दोन गावांमधल्या पुलासारखा असतो. या तीरावरचे त्या तीरावर नेण्याचे काम त्याला करता येते.

नंतर ताराबाई मुंबईला परत आल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार ही बालशाळा सुरू केली. तेथे शिक्षिका तयार करण्याचे वर्गही चालत. शिशुविहारचे नाव झाले. सुशिक्षित पालक आपली मुले तेथे आनंदाने पाठवू लागले. ताराबाईंना मान मिळाला, सहकारी मिळाले. आता त्यांनी मुंबईतच सुखाने काम केले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

पण ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती शहरातल्या खात्यापित्या घरांनाच परवडत. आपला देश तर खेड्यांचा. मग खेड्यांतल्या गरीब मुलांचे काय? मजुरांच्या, कोळ्यांच्या, आदिवासींच्या मुलांना बालशिक्षण कसे मिळणार?

त्याच काळात महात्मा गांधींच्या नई तालीमचा देशभर विचार चालू होता. तालीम हा तुमच्या रोजच्या ओळखीचा शब्द आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्या परिषदेने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. ते पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी योजना तयार केली. शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि हाताच्या कामातून द्यावे, असे या योजनेत होते. पण सात वर्षांखालची मुले तिच्यात नव्हती. ती पुढे १९४५ च्या सुमारास नई तालीमच्या विचारात आली. याच लहान मुलांसाठी खेड्यात जाऊन काम करायचे, असे ताराबाईंनी ठरवले.

त्या वेळी ताराबाईंचे वय ५३ वर्षांचे होते. या वयात माणसे विश्रांतीचा विचार करू लागतात. ताराबाईंनी मात्र मुंबईचे सुस्थिर काम मागे ठेवले आणि त्या बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव आहे. ते डहाणू तालुक्यात असून गुजरातच्या सीमेजवळ आहे. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ च्या डिसेंबर महिन्यात तेथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू झाले.

या कामात त्यांना अनुताई वाघ यांची मोलाची साथ मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला होता. लहानपणीच त्यांना वैधव्य आले. तरीही त्या शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका झाल्या. ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्या बोर्डीला आल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच काम केले.

आता बोर्डीचा परिसर डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला समुद्र आणि मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. जवळच टेकड्या आणि रान. रानात आदिवासींचे पाडे. पाडा म्हणजे पाच-पंचवीस झोपड्यांची लहान वस्ती. या भागात मराठी बोलणारे लोक होते, तसेच गुजराती बोलणारेही होते. पारशी आणि इराणी कुटुंबे होती. कोळ्यांची बोली निराळी, वारल्यांची बोली निराळी. एका बालवाडीत चार घरची मुले आली, तर चार तऱ्हांची बोली कानावर पडावी, असा हा भाग होता. ताराबाईंना मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, याचा येथे फार उपयोग झाला.

परंतु सर्वांत गरीब घरची मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले दूर राहत. याला कारणे होती. आईबाप पहाटे मजुरीला जात. घरी पोटभर अन्न नसे. अंगावर धड कपडा नसे. सावकार आणि जमीनदार यांनी आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले होते. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. अशा माणसांना बाहेरून आलेल्या सुशिक्षित पाहुण्यांचा एकदम विश्वास कसा वाटणार? शिवाय शाळेची भाषा वेगळी, शाळेचे नियम वेगळे. आपल्या घरचा शब्द तेथे चालत नाही, असे मुलाला वाटले, तर ते गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला लोक मंद म्हणतात. खरे म्हणजे ते मंद नसते, परके झालेले असते.

मुले शाळेत येत नाहीत, तर काय करावे? तक्रार करत बसणे सोपे होते. ताराबाईंनी वेगळा मार्ग धरला. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराच्या अंगणात मुले गोळा करू लागल्या. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगण मुलांच्या ओळखीचे. आजूबाजूला आजी, शेजारीण, कोंबड्या, शेळ्या. तेथे मूल बुजत नसे. आईलाही शाळेत काय चालते, हे डोळ्यांनी दिसे. हीच अंगणवाडी. आता या नावाचा अर्थ तुमच्या ध्यानात आला असेल.

महागड्या साधनांचा प्रश्नही असाच सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख आणि शिंपले होते. रानात बिया, पाने, फुले, काटक्या आणि दगडगोटे होते. घरोघरी मडकी आणि टोपल्या होत्या. लहान-मोठे ओळखायला शिंपले, मोजायला बिया, रंग ओळखायला पाने-फुले. पैसा न लागणारी ही साधने मुलांनी स्वतः गोळा करायची होती. वस्तू ओळखीच्या असल्यामुळे मुले त्यांच्याविषयी आपल्या बोलीत भराभर बोलत. मग त्याच वस्तूला शाळेच्या भाषेत काय म्हणतात, ते शिक्षिका सांगे. घरचा शब्द पुसून टाकायचा नाही, त्याच्या शेजारी नवा शब्द ठेवायचा, अशी ही रीत होती. घरची गाणी आणि घरचे नाच यांनाही बालवाडीत जागा होती.

तुम्ही मराठी शिकता, तेव्हा हेच होते. कागद, दप्तर, खुर्ची, दुकान, बाजार हे शब्द मराठीत दिसले की तुम्हांला बरे वाटते. ते उर्दूतही आहेत. ओळखीचा शब्द भेटला, की अनोळखी भाषेचे दार थोडे उघडते. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फार खरे आहे.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाड या गावी गेले. कोसबाडच्या टेकडीभोवती वारली आदिवासींचे पाडे आहेत. येथे ताराबाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर लहान भावंड असे. आईबाप कामावर गेले की त्याला तीच सांभाळत असे. तिला शाळेत बोलवायचे, तर त्या बाळाचीही सोय करायला हवी. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. बाळ पाळणाघरात, मधले भावंड बालवाडीत आणि ताई शाळेत. या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

तरीही काही मुले राहिलीच. ती गुराखी होती, म्हणजे गुरे चारणारी मुले होती. सकाळी गुरे घेऊन ती रानात जात आणि संध्याकाळी परत येत. हे काम सोडले, तर घरी खायला मिळणे कठीण. मग शिक्षक कुरणात गेले. कुरण म्हणजे गवताचे रान. गुरे चरत असत आणि झाडाखाली मुले शिकत असत. गुरे मोजता मोजता गणित येई. झाडे, पाखरे आणि किडे पाहता पाहता निसर्गाचा अभ्यास होई. ही कुरणशाळा. मुलाला काम सोडायला न लावता त्याच्या कामाच्या जागीच शिक्षण नेण्याचा हा प्रयोग होता.

हे सगळे सहज झाले असे समजू नका. पैशाची चणचण होती. पाड्यांपर्यंत पायी जावे लागे. पावसाळ्यात वाटा चिखलाने भरत. आज आलेली मुले उद्या येतीलच, याचा भरवसा नसे. पोटासाठी आईबाप दुसरीकडे गेले, की मुलेही जात. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. ताराबाई आणि अनुताई यांनी धीर सोडला नाही.

ताराबाईंना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. बाहेरून आलेल्या शिक्षिका कितीही चांगल्या असल्या, तरी त्या थोड्याच असणार. म्हणून खेड्यांत काम करणाऱ्या बालसेविका तयार करण्याचे वर्ग त्यांच्या संस्थेने चालवले. बालसेविका गावातलीच असली, की तिला मुलांची बोली जन्मापासून येत असते. शिवाय तिला शाळेची भाषाही शिकवता येते. तिच्यापाशी मूल लवकर बोलते होते. घर आणि शाळा यांच्यामधला पूल तीच बांधते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. या योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात लाखो अंगणवाड्या आहेत. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. १९९२ साली त्यांचेही निधन झाले.

मुलांनो, आज आपल्या राज्यात अनेक भाषा बोलणारी मुले एकत्र वाढतात. एखाद्या अंगणवाडीत एक मूल घरी उर्दू बोलते, दुसरे मराठी, तिसरे तेलुगू, तर चौथे भोजपुरी. ताईंनी सांगितलेले सगळ्यांना कळेलच असे नाही. ज्या ताईंना मुलांच्या घरची दोन-चार वाक्ये येतात, त्यांच्याजवळ मूल रडायचे थांबते आणि बोलायला लागते. हे काम लहान दिसते, पण मुलाचे शाळेशी नाते जुळणार की तुटणार, हे पुष्कळदा त्या पहिल्या काही दिवसांतच ठरते.

तुमच्यापैकी काही जण पुढे शिक्षक होतील. तेव्हा एखादे मूल वर्गात गप्प बसले, तर त्याला लगेच मंद म्हणू नका. ते घरी कोणती भाषा बोलते, याची आधी चौकशी करा. शिक्षक होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. तुमच्या शेजारी दुसरी भाषा बोलणारे कुटुंब राहायला आले, तर त्यांच्या लहान मुलाला खेळायला बोलवा. त्याचे दोन शब्द तुम्ही शिका, तुमचे दोन शब्द त्याला शिकवा. एवढे तर तुम्हांला आजच करता येईल.